माहेरच्या गावात गिऱ्हाईक

लग्न होईपर्यंतचं माझं सगळं आयुष्य बडोद्यात गेलं, पण तिथे चांगलं जेवण कुठे मिळतं असं कुणी विचारलं की माझी पंचाईत होते. दांडिया बाजारातल्या आमच्या घरात हॉटेलात जायला कारण लागायचं. दहावीचा निकाल, मुंबईहून आलेला मामा, नाहीतर आईचं आजारपण. विनाकारण हॉटेलात जेवणारी माणसं एकतर फार श्रीमंत असावीत किंवा त्यांच्या घरात काहीतरी बिनसलेलं असावं, अशी आमची समजूत होती. बाहेरचं खाणं म्हणजे बाहेरून घरी आणलेलं खाणं. रावपुऱ्यातून जगदीशचा लीलो चेवडो यायचा, दुलीरामचे पेढे यायचे, रविवारी सकाळी तेलाने पारदर्शक झालेल्या कागदातून फाफडा आणि जिलबी यायची. ते सगळं ताटल्यांत काढून, भांडणं होऊ नयेत अशा बेताने वाटून खायचं. टेबलापाशी बसून समोरच्या माणसाला 'हे आणा, ते आणा' म्हणण्याची मला सवयच नाही.

नवरा कोल्हापूरचा. सुरुवातीला तो जावई होता, म्हणजे तो बसायचा आणि त्याच्यापुढे ताट यायचं. आता जुना झालाय. गाडीने सुरत सोडलं की तो फोनवर बडोद्यातल्या हॉटेलांची यादी करायला घेतो, आणि मला विचारतो, "हे कसं आहे गं?" मी काय सांगणार? यादीतली निम्मी हॉटेलं मी गाव सोडल्यानंतर निघालेली, आणि उरलेली आमच्या घरच्या नकाशात नसलेली.

कारण आमचा नकाशा मांडवीभोवतीचा. चार दरवाजे, न्यायमंदिर, सूरसागर, खंडेराव मार्केट, संपलं. नवी हॉटेलं सगळी विश्वामित्री नदीपलीकडे, तीही स्टेशन ओलांडून. अलकापुरी, ओल्ड पादरा रोड, गोत्री, आणि आता वासणा-भायलीपर्यंत. "भायली? तिथे शेतं आहेत," असं बाबा अजूनही म्हणतात. शेतं कधीच गेली. तिथे आता बारा मजली इमारतींच्या खाली कॅफे आहेत. काळाघोड्याजवळच्या पुलावरून जाताना नवऱ्याला मगरी बघायच्या असतात. भर शहरातल्या नदीत मगरी राहतात हे त्याला पटत नव्हतं. २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरात त्या वस्तीत शिरल्या होत्या, त्याचे व्हिडिओ बाबांनी दाखवले, तेव्हापासून तो पुलावर स्कूटर हळू करतो आणि कठड्यापासून लांबून चालवतो.

पहिल्यांदा मीच त्याला नेलं ते कीर्तिस्तंभाजवळच्या महाकालीत, शेव-उसळ खायला. हे काही नवीन हॉटेल नव्हे, पण मला नवीनच, कारण इतकी वर्षं ही उसळ मी डब्यातून घरी आणलेली खाल्ली होती. पांढऱ्या वाटाण्याचा पातळ रस्सा, वर जाड शेव, चिरलेली कांद्याची पात, वेगळी लाल तरी आणि लसणाची चटणी. तिखट किती करायचं ते आपलं आपण बघायचं. कोल्हापूरकराने अर्थातच तरी आधी ओतली. पहिला घास घेऊन म्हणाला, "बरी आहे. पण ही मिसळ नव्हे." कुणी म्हटलं होतं मिसळ म्हणून? मग त्याने आणखी पाव मागवले आणि बोलणं बंद केलं. गायकवाडांच्या मागोमाग आमच्यासारखी घराणी इथे आली आणि इथलीच झाली. उसळीचंही तसंच काही झालं असणार. इथली शेव अंगावर घेतली आणि स्वभावाने जरा गोड झाली. माझ्या आमटीत गूळ जास्त पडतो ही सासूबाईंची कायमची तक्रार आहे, ती मला त्या दिवशी एकदम मान्य झाली.

नंतर मात्र यादीची सत्ता सुरू झाली. वासणा रस्त्यावरच्या एका नव्या ठिकाणी गेलो. गिलावा न केलेल्या विटांच्या भिंती, वायरला लोंबकळणारे पिवळे दिवे, मेनूकार्ड नाहीच. टेबलावरच्या चौकोनावर फोन धरायचा. त्या मेनूत जेवणाआधी मॉकटेल सुरू होतात आणि बराच वेळ संपत नाहीत. गुजरात राज्य झाल्यापासून, म्हणजे १९६० पासून, इथे दारूबंदी आहे. तेव्हा माणसाची सगळी कल्पकता सरबतात उतरणार हे ओघानंच आलं. कोकम, मिरची, पेरू, तुळस, निळा रंग, वर धूर. आम्ही 'खिचडी आरांचिनी' नावाचा पदार्थ मागवला. काळ्या दगडी पाटीवर चार गोळे आले. बाहेरून ब्रेडचा कुरकुरीत चुरा, आत मूगडाळीची खिचडी आणि चीज, आणि खाली कढीचा एक पिवळा फराटा, बोटाने ओढल्यासारखा. चव वाईट होती असं मी म्हणणार नाही. पण खिचडी सैल असते, तुपाला वाट देते, आजाऱ्यालाही घशाखाली उतरते, हाच तिचा मोठेपणा. तिला कवच कशाला? आणि कढी फराट्याने वाढणाऱ्या माणसाला गुजराती म्हणवून घ्यायचा हक्क आहे का, यावर आम्ही बराच वेळ बोललो.

बोललो, हे महत्त्वाचं. माहेरी गेल्यावर नवरा-बायकोची भेटच होत नाही. तो बाहेरच्या खोलीत बाबांबरोबर बातम्या बघतो, मी आईबरोबर स्वयंपाकघरात. रात्री मी आई आणि वहिनीबरोबर गप्पा मारत आत झोपते, तो हॉलमधल्या दिवाणावर. दिवसभरात एकमेकांशी बोलतो ते "टॉवेल कुठाय?" आणि "इंजिनिअर काकांकडे जायचंय का?" इतपत. पुण्यात एका छताखाली आम्ही जितके दोघं असतो तितके बडोद्यात फक्त त्या दगडी पाटीपाशी होतो.

दुसरं म्हणजे तिथे मला कुणी ओळखलं नाही. रावपुऱ्यातल्या फरसाणवाल्याकडे गेलं की "क्यारे आव्या, बेन?" पासून सुरुवात होते, मग बाबांच्या गुडघ्याची चौकशी, मग हातावर गरम पापडी. अशा माणसाला 'आज चेवड्यात मीठ जास्त आहे' असं कोण सांगणार? वासणा रस्त्यावरच्या वेटरने मात्र माझ्याशी इंग्रजीत सुरुवात केली. मी गुजरातीत उत्तर दिल्यावर त्याने चकित होऊन विचारलं, "तमे अहींना छो?" म्हणजे तुम्ही इथल्याच का? मी चक्क नाही म्हटलं. मग अर्धा गोळा ताटात टाकायची, पाणी थंड नाही म्हणायची, नवऱ्याच्या पाटीतलं उचलून खायची मुभाच मिळाली.

ही मुभा रविवारी संपली. रविवारी संध्याकाळी बडोद्यातल्या बऱ्याच चुली बंद असतात, हे मला आता कळलं. ओल्ड पादरा रोडवरच्या काठियावाडी हॉटेलाबाहेर वहीत नाव लिहून प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर बसावं लागलं. आजी-आजोबांपासून तान्ह्या बाळापर्यंत अख्खी कुटुंबं रांगेत. आत सेव-टमेटा, वांग्याचा ओळो, लसणिया बटाटा, बाजरीचा रोटला, वर पांढऱ्या लोण्याचा गोळा, बाजूला गूळ. आणि ताकवाला. जग घेऊन फिरणाऱ्या त्या पोराला रिकामा पेला सहन होत नव्हता. नवऱ्याने पेल्यावर हात झाकला, तर तो शांतपणे उभा राहिला. रोटला तोडायला हात उचलल्याबरोबर त्याने भरून टाकला. हे दोघांत चाललेलं असतानाच पाठीमागून आवाज आला, "अगं, तू? कधी आलीस?" आमच्या गल्लीतल्या काकू. आधी माझ्याकडे, मग ताटांकडे बघितलं. "आई बरी आहे ना?" हा प्रश्न त्यांनी ज्या सुरात विचारला त्यात हॉटेलात जाण्याची तीन कारणं जमा होती.

आम्ही घरी पोचलो तेव्हा बातमी पोचली होती, नवऱ्याने किती रोटले खाल्ले इथपर्यंत. आई काही बोलली नाही. सोललेल्या वालांचा डबा तिने फ्रिजमध्ये ठेवला आणि दार जरा जोरात लावलं. जरा वेळाने मात्र विचारलं, "लोणी घरचं होतं का रे त्यांचं?" नवऱ्याने हो म्हटलं, आणि ओळ्यात कांदा कसा होता, मिरची हिरवी होती की लाल, याची रीतसर जबानी दिली.

पुण्याला परतल्यावर काही दिवसांनी तिचा फोन आला. भिशीच्या सगळ्या जणी तिथे जाऊन आल्या होत्या, विनाकारण. काकूही होत्या. ओळो तेलकट आहे, कढीत गूळ जरा जास्त आहे, पण रोटला जमलाय, असं तिने सविस्तर सांगितलं. आता त्यांना वासणा रस्त्यावरचं ते खिचडीच्या गोळ्यांचं ठिकाण बघायचंय, आणि फोन चौकोनावर कसा धरायचा ते जावयाने तिला नीट समजावून सांगायचं आहे.