इप्सिलँटीची टाकी आणि तीन रेघा

नायगरा बघितला. शिकागोला दोन दिवस चाललो, पाय दुखले, एवढंच. लेकीकडे अमेरिकेत, मिशिगन राज्यातल्या अॅन आर्बरला तीन महिने राहून आलो त्यातला माझा दिवस कोणता विचाराल तर शेजारच्या इप्सिलँटी गावातली पाण्याची जुनी टाकी बघितली तो. जावईबापू म्हणाले होते पाच मिनिटं थांबू, फोटो काढा आणि पुढे जाऊ. मी आणि नात तिथे साडेतीन तास होतो, त्यांना गाडी घेऊन घरी पाठवलं.

मी 31 वर्षं भूकरमापक होतो, म्हणजे सरकारी जमीन मोजणीवाला. शिवारात प्लेन टेबल, म्हणजे तिपाईवरचा नकाशा काढायचा सपाट फळा, लावलं की पहिल्यांदा मान वर करून शोधायचं काय, तर देवळाचा कळस, मशिदीचा मिनार, गावची टाकी. लांबून दिसणारं आणि उद्या हलणार नाही असं काहीतरी. दोन-तीन ठिकाणांहून त्याच्यावर नेम धरला, रेघा मारल्या, की जिथे रेघा मिळतात तिथे ती टाकी. टाकीवर चढावं लागत नाही, तिला हात लावावा लागत नाही. अमेरिकेत पण हेच चालायचं. तिथल्या कोस्ट अँड जिओडेटिक सर्व्हे या सरकारी मोजणी खात्याने गावोगावच्या पाण्याच्या टाक्या, चर्चची टोकं, कारखान्यांची धुराडी असेच बिंदू म्हणून घेतले, लांबून थिओडोलाइट या कोन मोजायच्या दुर्बिणीने कोन मोजून. इप्सिलँटीकडचा भाग बऱ्यापैकी सपाट, डोंगराचं टोक कुठून आणणार, मग माणसानेच जे उंच बांधलं त्याच्यावर नेम.

आता ही टाकी. 1890 ला पूर्ण झाली, 147 फूट उंच, खालचा भाग दगडी. गावातली सर्वात उंच जागा बघून बांधली, तिथल्या रस्त्याचं नावच समिट स्ट्रीट. खाली भिंत 40 इंच जाड, वर जाता जाता 24. आत पोलादी टाकी आहे 2.5 लाख गॅलनची, म्हणजे साधारण साडेनऊ लाख लिटर. मी तिथेच फोनवर हिशोब केला, एवढ्या उंचीवरून सपाट मुलखात 24 किलोमीटरपर्यंत नजर जाते, म्हणजे मधे काही आडवं आलं नाही तर तेवढ्या लांबून टेबल लावणाऱ्यालाही ती दिसायला हरकत नाही. असं बांधकाम बघून माझ्यासारख्याचे हात शिवशिवणारच.

पश्चिमेच्या दारावर दगडातच एक क्रॉस बसवलेला दिसतो. रोजंदारीच्या मजुरांनी काम करताना कुणाला इजा होऊ नये म्हणून असे तीन क्रॉस बांधकामात घातले होते म्हणे. आपल्याकडे नारळ फोडतात तसंच. त्या दाराखाली मी बराच वेळ उभा होतो. एवढ्या उंचीवर दगड चढवणाऱ्या त्या माणसांची नावं कुठेच नाहीत, पण त्यांची भीती मात्र दगडात अजून दिसते. अजून एक गोष्ट आवडली. सुरवातीला मीटर नव्हते तेव्हा पाणीपट्टी नळ मोजून घ्यायचे, बाथटब असेल तर वर 2 डॉलर आणि घरात गाय असेल तर दर गायीमागे 1 डॉलर. गाय पाणी पिणार ते धरलं होतं!

नात अकरा वर्षांची. "आजोबा, तुम्ही नुसतं बघत काय बसलाय?" म्हणलं चल दाखवतो. जवळच्या दुकानातून गावाचा नकाशा छापून घेतला, पुठ्ठ्यावर चिकटवला, फूटपट्टी आणि पेन्सिल. तीन चौक निवडले. प्रत्येक चौकात नकाशावरचा रस्ता खऱ्या रस्त्याला जुळवायचा, पट्टी चौकाच्या खुणेवर ठेवायची, टाकीवर नेम धरायचा आणि रेघ. फुटपाथवर आमच्याशिवाय माणूस नाही, सगळे गाडीत. एक बाई कुत्रं घेऊन आल्या, वाट चुकलात का विचारलं, नातीने त्यांना सगळं समजावून सांगितलं तर त्या दहा मिनिटं पुठ्ठा धरून उभ्या राहिल्या. तीन महिन्यांत अनोळखी माणसाशी माझ्या झालेल्या सगळ्यात चांगल्या गप्पा त्या.

रेघा मिळेनात. मधे मोठा त्रिकोण पडला. नात रडवेली झाली. मी विचारलं नेम कुठे धरलास, तर म्हणाली मधोमध. तिथेच चूक होते. सकाळचं ऊन गोल टाकीच्या एकाच अंगावर पडतं, उजेडाची बाजू तेवढी डोळ्यात भरते आणि आपण तिचाच मध्य टाकीचा मध्य समजतो. म्हणून पोटावर नेम धरायचा नाही, घुमटाच्या शेंड्यावर धरायचा. ही चूक मी स्वतः नोकरीच्या पहिल्या वर्षी एका टाकीवर केली होती, दोन भावांच्या बांधाचं काम होतं, सगळी मोजणी परत करावी लागली आणि त्यातला धाकटा माझ्याशी पुढे कधी बोलला नाही. पुढे गावाने ती टाकीच पाडली, म्हणजे तपासायलाही काही उरलं नाही. हे मी घरी कधी कुणाला सांगितलं नव्हतं, नातीला सांगितलं.

परत तिन्ही चौक फिरलो. पाय बोलायला लागले होते पण तिने बसू दिलं नाही. या वेळी तिसरी रेघ मारली तर त्रिकोण तांदळाच्या दाण्याएवढा. तिने त्याच्यात ठिपका दिला आणि बाजूला लिहिलं, टाकी.

लेक घ्यायला आली तेव्हा ऊन पश्चिमेकडून येत होतं आणि टाकीचं दुसरं अंग चमकत होतं. नात गाडीच्या काचेतून बोट दाखवून आईला सांगत होती, आता बघ, आता ती डावीकडे असल्यासारखी वाटते, पण शेंडा बघ, शेंडा तिथेच आहे.