ऐरोलीची खाडी आणि चाळीसपट झूम

मावसभावाने त्याचा छोटा कॅमेरा विकायला काढला. म्हणाला, "ताई, आधी दोन दिवस वापरून बघ, मग पैशाचं बोलू." चाळीसपट ऑप्टिकल झूम, म्हणजे फिल्मच्या कॅमेऱ्याच्या हिशेबात 24 मिमीपासून थेट 960 मिमीपर्यंत, आणि बंद केला की पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात बसतो. शनिवारी संध्याकाळी तलावपाळीवर थोडे फोटो काढले. उजेड होता तोवर झकास, दिवे लागल्यावर सगळ्यांचे चेहरे मेणाचे. पण मला तो रात्रीसाठी नकोच होता. मला फ्लेमिंगो बघायचे होते.

रविवारी आईला घेऊन ठाण्याच्या नऊ-दहा नंबरच्या फलाटावरून लोकल पकडली, ऐरोलीला उतरून रिक्षा केली आणि किनारी व सागरी जैवविविधता केंद्र गाठलं. इथल्या बोटी भरतीच्या वेळा बघून सुटतात, कारण पाणी उतरलं की चिखल उघडा पडतो आणि बोट पुढे जात नाही. आदल्या दिवशी वेळ विचारून घेतली होती म्हणून खोळंबा झाला नाही. दोन्ही अंगांना तिवरं, मध्ये विजेचे उंच मनोरे, मागे ऐरोलीचा पूल. ठाणे खाडीचा हा पट्टा 2015 मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य झाला आणि 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेला. रोज ऐरोलीच्या पुलावरून ऑफिसला जाणारी मी, इथे पाण्यावर पहिल्यांदाच आले.

दहाएक मिनिटांनी डाव्या हाताला गुलाबी रेघ दिसली. आई म्हणाली, "कुठाय गं? मला नुसतं धुरकट दिसतंय." तिच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन अजून व्हायचंय. मी झूम पूर्ण ओढला, तर पडद्यावर पक्षी येतो न येतो तोच सटकायचा. हाताची थरथर कॅमेरा सावरतो, पण बोटीची डुलण आणि पक्ष्याची हालचाल त्याच्या हातात नाही. मग शटर हजारांश सेकंदावर नेलं. आता उजेड कमी पडायला लागला, कारण पूर्ण झूमवर लेन्सचं तोंड बारीक होतं. आयएसओ, म्हणजे कॅमेरा उजेड किती वाढवून घेतो तो आकडा, आपसूक 800 वर गेला आणि पिसं जलरंगात पुसल्यासारखी आली. नखाएवढाही सेन्सर नाही त्यात, किती ताणणार? पंचवीसपटीपर्यंत मागे आले तेव्हा पीस न् पीस सुटं दिसलं. शिवाय ऊन अंगावर घेतलेले पक्षी पांढरेफटक येत होते. एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, दोन-तृतीयांश स्टॉपने (जरासा) खाली घेतल्यावर गुलाबी परतला.

त्या फोटोत चोच दिसली. गडद लाल, काळपट म्हणावी इतकी. म्हणजे हे लहान रोहित (रोहित म्हणजेच फ्लेमिंगो). मोठ्या रोहितची चोच फिकी गुलाबी असते आणि तिचं फक्त टोक काळं. आईच्या हातात कॅमेरा दिला, तिने पडदा पदराच्या सावलीत धरला (व्ह्यूफाइंडर नाही, उन्हात पडदा नीट दिसत नाही, ही त्याची सगळ्यात मोठी खोट) आणि म्हणाली, "अगं, डोकं उलटं करून खातायत!" खरंच. चोचीची वरची बाजू खाली, मान डावी-उजवी फिरते, आणि जीभ चिखलाचं पाणी आतबाहेर करून त्यातलं शेवाळ गाळून घेते. वाचलेलं होतं, पाहिलं आत्ता.

तेवढ्यात मागच्या बाकावरची चार-पाच माणसं ओरडायला लागली. टाळ्या, शिट्ट्या. "उडवा उडवा, उडताना मस्त येतात!" कडेचे शंभरेक पक्षी माना वर करून उभे राहिले, काही पाण्यावर धावायला लागले. फ्लेमिंगोला धावल्याशिवाय उडता येत नाही, आणि ती धाव फुकट नसते. खाडीत येऊन खायचं, अंगात ताकद साठवायची आणि मग कच्छकडे निघायचं, असं त्यांचं चाललेलं असतं. मला इतका राग आला की शब्द फुटेना. बोटवाल्या दादांनी मोटर बंद केली, मागे वळले आणि आवाज न चढवता म्हणाले, "थांबा. जेवताना कुणी उठवलं तर चालेल का तुम्हाला?"

सगळे गप्प. मोटरही गप्प. पुढची चार-पाच मिनिटं बोट नुसती तरंगत होती आणि चिखलातून बारीक चुबुकचुबुक आवाज येत होता, शेकडो चोचींचा. माना परत खाली गेल्या. एक करडं पिल्लू, अजून रंग न चढलेलं, एका पायावर उभं राहून डुलकी काढत होतं. मी पंचवीसपटीवरच व्हिडिओ सुरू केला, कोपर आईच्या खांद्यावर टेकवून. आईने तेवढा वेळ श्वास रोखून धरला होता, हे तिने नंतर सांगितलं.

बाकी दिवस म्हणजे परतीची उभ्याने लोकल आणि घरी गरम भात. तुम्ही जाणार असाल तर भरतीची वेळ धरा आणि कोवळ्या उन्हात निघा. ऊन तापलं की पाण्यावरची हवा थरथरते आणि लांबचे फोटो लिबलिबीत येतात, मी उगाच लेन्सला दोष देत बसले होते. सलग फोटो घेतलेत तर कार्डावर लिहून होईपर्यंत कॅमेरा अडून राहतो, तेवढा धीर ठेवा.

रात्री टीव्हीला जोडून व्हिडिओ लावला. वाऱ्याची घरघर आहे, मध्ये थोडा हललाय. आईने खुर्ची पुढे ओढली आणि तीनदा पाहिला. चौथ्यांदा लावताना मी मावसभावाला फोन केला आणि विचारलं, दुसरी बॅटरी पण देतोस का?