महिन्याच्या बिलात सापडलेली साखर

त्या शनिवारी आहाराचा सल्ला घ्यायला माझ्यासमोर तिघं बसली होती. चाळिशीचे गृहस्थ, त्यांची बायको आणि आई. गृहस्थांचं एचबीए1सी, म्हणजे रक्तातल्या साखरेची गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी, 6.2 टक्के आलं होतं. 5.7 ते 6.4 म्हणजे मधुमेहाचा उंबरठा. तीन दिवसांचं खाणं त्यांनी वहीत नीट लिहून आणलं होतं: सकाळी पोहे नाहीतर उपमा, दुपारी डब्यात पोळीभाजी, संध्याकाळी चहा, रात्री वरणभात आणि पोळी. वहीला नाव ठेवायला जागा नव्हती. "मॅडम, आमच्याकडे बाहेरचं काही येतच नाही हो," आजी म्हणाल्या. त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या लेखी बाहेरचं म्हणजे हॉटेलातलं.

वहीत माणूस आठवेल तेवढंच लिहितो. जाता-येता तोंडात टाकलेली मूठभर शेव कुणाला आठवत नाही. म्हणून मी आधीच दोन गोष्टी मागून ठेवल्या होत्या: महिन्याच्या किराण्याचं बिल आणि आठवडाभराची रिकामी पाकिटं. सूनबाईंनी दोन्ही आणलं होतं. पिशवी टेबलावर उलटी केली तेव्हा टेबल पुरलं नाही.

पहिल्यांदा साखर. बिलावर 5 किलो. घरात माणसं चार, म्हणजे माणशी रोज जवळजवळ 42 ग्रॅम. रोज 2000 कॅलरी घेणाऱ्या माणसाने वरून घातलेली साखर 50 ग्रॅमच्या आत आणि जमलं तर 25 ग्रॅमच्या आत ठेवावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. या 42 मध्ये बिस्किटं, केचप आणि मुलाच्या दुधातली पावडर अजून धरलेलीच नव्हती. नुसत्या चहाचा हिशेब मांडला. कपाला दीड चमचा, दिवसाला तीन कप, पिणारे तिघं. चमचा 5 ग्रॅमचा धरला तरी महिन्याला 2 किलो साखर फक्त चहात जात होती.

मग फरसाण. 400 ग्रॅमची तीन पाकिटं. मागे 100 ग्रॅमला 38 ग्रॅम स्निग्ध पदार्थ लिहिले होते. 1200 ग्रॅमला ते 456 ग्रॅम झाले, म्हणजे अर्धा लिटर तेल. बिलावरच्या तेलाच्या डब्यात हे तेल कुठेच नव्हतं. सूनबाई एकदम म्हणाल्या, "ताई, मी भाजीला तेल मोजून घालते हो." मोजून घालत होत्याच. तेल दुसऱ्या दाराने येत होतं.

त्यानंतर 'मल्टीग्रेन' बिस्किटांचं पाकीट आजींच्या हातात दिलं आणि मागचा बारीक मजकूर मोठ्याने वाचायला सांगितला. पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, ज्याचं वजन जास्त ते आधी. आजींनी चष्मा लावून वाचलं: मैदा, साखर, पामतेल. नाचणी पाचवी, कंसात 2 टक्के. त्या थांबल्या आणि पाकीट उलटवून पुढचं नाचणीच्या कणसांचं चित्र पुन्हा पाहिलं. त्या दिवसात सगळ्यात मोठं काम त्या चित्राने केलं.

लेबल वाचताना मी तीनच गोष्टी बघायला सांगते. पहिले तीन घटक. साखरेची आणि तिच्या जातीतल्या पदार्थांची नावं: ग्लुकोज सिरप, इन्व्हर्ट सिरप, माल्टोडेक्स्ट्रिन ही वेगवेगळी लिहिली की प्रत्येक नाव यादीत खाली सरकतं, पण पोटात एकत्रच जातात. आणि 100 ग्रॅमचा रकाना. 'एका सर्व्हिंगला' हा रकाना सोडून द्यावा, कारण ते सर्व्हिंग कधी कधी दोन बिस्किटांचं असतं. सोडियमचे मिलिग्रॅम अडीचने गुणले की मिठाचे मिलिग्रॅम मिळतात. मुलाच्या दुधातल्या पावडरीबद्दल एवढंच सांगितलं की अन्न सुरक्षा कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' नावाचा प्रकारच नाही. 2024 मध्ये सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेयं त्या नावाखाली ठेवू नका असं कळवलं, ते याचसाठी.

पण नुसतं पाकीट बंद करून हे घर सुधारलं नसतं. मुलगा शाळेत डबा खायचा साडेबाराला, रात्रीचं जेवण नऊला. मध्ये साडेआठ तास. पाच वाजता त्याला खरी भूक लागायची आणि हाताशी असायचा फरसाणाचा डबा. इथे जिभेचे चोचले म्हणून मुलाला बोलणं अन्याय आहे. पाचला त्याला छोटं जेवणच हवं: वाफवलेल्या मटकीची उसळ एक वाटी, नाहीतर भाजी घालून पोळीची गुंडाळी, नाहीतर अर्धं थालीपीठ आणि दही. मोठ्यांना मूठभर, म्हणजे 25 ते 30 ग्रॅम फुटाणे किंवा दाणे आणि एक फळ पुरतं.

यादी आम्ही तिथेच नव्याने केली. साखर 3 किलो. फुटाणे अर्धा किलो, शेंगदाणे अर्धा किलो, चिवड्यासाठी पातळ पोहे 1 किलो, मटकी 1 किलो, फरसाण 200 ग्रॅमचं एकच पाकीट. दुकानात जायचं ते जेवून, आणि यादी करण्याआधी डबे उघडून बघायचे.

तीन आठवड्यांनी सूनबाई एकट्याच आल्या, चेहरा उतरलेला. चिवडा सादळला होता आणि दाणे खवट झाले होते. दाण्यांचं कारण बिलावरच दिसलं. एकावर एक मोफत म्हणून 2 किलो घेतले आणि एकदमच भाजून ठेवले. भाजलेल्या दाण्यातलं तेल हवेने लवकर बिघडतं. कच्चे ठेवावेत आणि आठवड्यापुरते भाजावेत. निवडताना काळपट, सुरकुतलेला किंवा बुरशीचा वास येणारा दाणा टाकूनच द्यायचा. त्यातलं अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष, भाजून पुरतं जात नाही.

चिवड्याचं मी बारकाईने विचारलं. पोहे एकाच खेपेत मोठ्या आचेवर परतले होते, त्यामुळे कडा लाल झाल्या आणि मधे ओल राहिली. वर गरम गरमच डब्यात भरला, झाकणाखाली वाफ धरली. पाव किलो पोहे दोन खेपांत, मंद आचेवर आठ-दहा मिनिटं. चिमटीत घेऊन चुरा झाला की झाले. फोडणीला तेल 2 मोठे चमचे. त्यात दाणे आणि डाळं खमंग होऊ द्यायचं, कढीपत्ता कडकडीत झाल्यावरच हळद घालायची. गॅस बंद करून मीठ, मग पोहे. परातीत पसरून पूर्ण गार झाल्यावर डब्यात.

"आणि मटकी?" मी विचारलं. मटकीला वास येत होता. आठ तास भिजवून पाणी पुरतं न निथळताच फडक्यात बांधली होती. चाळणीत अर्धा तास निथळून मग बांधायची आणि मोड आले की फ्रिजमध्ये ठेवायची.

तिसऱ्या महिन्याचं बिल लहान होतं. साखर 3 किलो, फरसाण 200 ग्रॅम. चहात आता पाऊण चमचा, तोही एकदम नाही, दर दहा दिवसांनी थोडा थोडा कमी करत आणलेला. तांबड्या पेशी साधारण 120 दिवस जगतात, म्हणून एचबीए1सी तीन महिन्यांनीच पुन्हा केलं: 5.9. बिलावर खारी मात्र होती. आजींनी स्वतःच विषय काढला, "चारच्या चहाबरोबर दोन लागतात मला." "दोन राहू द्या," मी म्हणाले. फक्त किलोचा पुडा आणायचा नाही, बेकरीतून दर आठवड्याला 100 ग्रॅम सुटी आणायची.