तुम्ही विचारलंत म्हणून: पोळी अडकते, मग बासुंदी कशी चालते?

"पोळी अडकते म्हणतेस आणि बासुंदीची वाटी बरी रिकामी झाली!" मुंज असो, डोहाळजेवण असो, हे वाक्य ठरलेलं. श्राद्धाच्या पानावर बासुंदीच्या जागी खीर येते, बाकी वाक्य तेच. विचारणाऱ्यांना वजन उतरवायला माझ्या जठरावर बँड बसवलाय हे माहीत असतं, किती किलो उतरले आणि त्यातले किती परत आले हेही माझ्यापेक्षा नेमकं माहीत असतं. तेव्हा ते सगळं सोडते आणि एकदाच नीट उत्तर देते.

बासुंदी चालते, कारण ती पातळ आहे. बँड म्हणजे जठराच्या अगदी वरच्या टोकाला, अन्ननलिका संपते तिथे, बांगडीसारखी घातलेली सिलिकॉनची पट्टी. ती घट्ट घासाला धरते. पातळ पदार्थाला तिथे कुणी हटकत नाही. मिल्कशेक, आमरस, वितळलेलं आइस्क्रीम, श्रीखंड सगळं सुळकन खाली. चॉकलेट तर तोंडातच पातळ होतं. चिवडा, चकली, वेफर्ससुद्धा जातात, कारण कुरकुरीत पदार्थाचा चावून सरळ चुरा होतो. म्हणजे दिवाळीचा अख्खा फराळ पास, आणि ज्यातून प्रथिनं मिळायची तो चिकनचा कोरडा तुकडा नापास. बँडमधलं हे सगळ्यात मोठं भगदाड आहे आणि त्याचं समर्थन मी करणार नाही. टोमणा मारणाऱ्यांचा मुद्दा इथे शंभर टक्के बरोबर आहे. फक्त ते समजतात तसं यात ढोंग नाही. मला बासुंदी चालते आणि पोळी चालत नाही, ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत.

पूर्वी मीच सगळ्यांना सांगायचे की बँडमुळे पोट छोटं झालंय, चार घासांत भरतं. ते चुकीचं होतं, आणि त्या चुकीच्या समजुतीनं जेवलं की त्रास होतोच. बँडच्या वर जठराची एक इवलीशी पिशवी राहते खरी, १५ ते ३० मिलीची, म्हणजे फार तर दोन मोठे चमचे. पण ती भरायची नसते. घास बँडशी आला की अन्ननलिका त्याला दाबून दाबून पलीकडे ढकलते. एका घासाला असे दोन ते सहा दाब लागतात, म्हणजे जवळपास मिनिट. त्या दाबण्यातून तिथल्या नसांना 'पुरे झालं' असा निरोप जातो आणि भूक शमते. एक घास पलीकडे जायच्या आत दुसरा पाठवला तर रांग लागते. वरची पिशवी ताणली जाते, आणि हे रोज घडत राहिलं तर ती कायमची फुगते. म्हणून घास हरभऱ्याएवढा, वीस वेळा चावलेला, मग मिनिटभर हात थांबलेला. वीस-पंचवीस मिनिटांत ताटातलं संपो न संपो, उठायचं. पंगतीत ज्यांना मी 'घासाघासाला नखरे करणारी' वाटते, त्यांना दिसतं ते हे.

आता पोळी. गव्हाच्या कणकेत ग्लुटेन असतं, त्यामुळेच तर ती लाटताना फाटत नाही. तोंडात लाळेबरोबर चावलेली मऊ पोळी पुन्हा कणकेच्या वळणावर जाते: चिकट, लवचीक गोळा. तो तुटत नाही, फक्त आकार बदलतो. पावाचा मऊ भाग त्याहून वाईट. मोकळा भात दाणा दाणा वेगळा दिसतो, पण गिळताना त्याचाही लगदा बनतो. साबुदाण्याची खिचडी, इडली, उकडीच्या मोदकाची पारी आणि कोरडे पोहे यांचं माझं जमत नाही. ज्वारीच्या भाकरीत ग्लुटेन नाही, ती आमटीत कुस्करली की विरते आणि जाते. खाकरा जातो. गुरगुट्या भात, पिठलं, मुगाची पातळ खिचडी जाते. बांगडा किंवा सुरमई जाते, कारण माशाचे पापुद्रे सुटतात. संत्र्याच्या फोडीचं साल, शेवग्याच्या शेंगेचा चोथा आणि ओल्या खोबऱ्याचे तुकडे कुणीच बँडवाल्यानं अंगावर घेऊ नयेत. ही यादी माझ्यापुरती धरा. दुसऱ्या कुणाला इडली खुशाल जात असेल.

पण तुम्हाला खरं विचारायचं असतं ते 'अडकतं' म्हणजे नक्की काय. घरच्यांनाही ते पाहून आजवर समजलेलं नाही, म्हणून सावकाश सांगते.

लग्नाची पंगत. समोर गरम पोळी, शेजारी गप्पा. गप्पांच्या नादात एक घास आठ-दहा वेळाच चावला जातो आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा जातो. पहिले काही सेकंद काही नाही. मग छातीच्या हाडामागे, मधोमध, एक दाब. जळजळ म्हणावी तर तसं नाही. आतून कुणी मूठ आवळत जावी तसं. कुणाला उचकी लागते, कुणाचं नाक वाहायला लागतं. या क्षणी हात थांबला तर निम्म्या वेळा पुढचं टळतं. थांबत नाही, कारण समोरचे बोलत असतात आणि ताट सोडून उठणं वाईट दिसतं.

मिनिटभरात तोंडात लाळ जमू लागते. नेहमीची पातळ लाळ नव्हे. दाट, फेसाळ, भेंडी चिरताना सुटते तशी तार. अडकलेला गोळा सरकावा म्हणून शरीर वरून वंगण सोडत असतं, पण खालची वाट बंद, त्यामुळे ते गिळताही येत नाही. रुमालात थुंकावं लागतं. गिळण्याची प्रत्येक धडपड दुखणं वाढवते, कारण अन्ननलिका पुन्हा पुन्हा जोर लावून त्या गोळ्यावर आपटत असते.

आणि नेमकं तेव्हा चारी बाजूंनी आवाज येतात, "पाणी प्या, पाणी प्या!" काकू, हात जोडते, पाणी देऊ नका. तुंबलेल्या मोरीत बादली ओतल्यासारखं होतं ते. पाणी गोळ्याच्या वर साठतं, दाब वाढतो आणि मग सगळं एकदम वर येतं. सोडा किंवा कोला पाजण्याचा सल्लाही तसाच. वायूनं पिशवी आणखी ताणते. पाठीवर थापा मारण्यातही अर्थ नाही. घास श्वासनलिकेत गेलेला नाही. बोलता येतंय, श्वास चालू आहे. ज्याला बोलता येत नाही आणि जो निळा पडतोय त्याची गोष्ट वेगळी, तिथे जरूर धावा.

करायचं एवढंच, की उठून उभं राहायचं, मोकळ्या जागी हळूहळू चालायचं, लाळ गिळायची नाही, थुंकायची. दहा मिनिटं लागतात, कधी तास. एक तर गोळा आपसूक पलीकडे घसरतो आणि दुखणं बटण बंद केल्यासारखं थांबतं, नाही तर फेसाबरोबर वर येतो. त्याला वास नसतो, आंबटपणा नसतो, कारण तो जठराच्या आम्लापर्यंत पोचलेलाच नसतो. गिळलेली पोळी जशीच्या तशी. म्हणून 'हिला उलट्या होतात' हे बरोबर नाही. पण बोटं घालून जोरानं ओकारी काढणं मात्र खऱ्या उलटीइतकंच धोक्याचं. त्या जोरानं खालचं जठर बँडमधून वर खेचलं जाऊ शकतं. त्यालाच 'बँड स्लिप झाला' म्हणतात आणि मग प्रकरण ऑपरेशनपर्यंत जातं.

सगळ्यात मोठी चूक यानंतर होते. बरं वाटतं, भूक असतेच, ताट वाढलेलं असतं, यजमान वाट पाहत असतात. परत बसून खाल्लं की पुढचा मऊ घाससुद्धा अडकतो, कारण आतलं अस्तर आता सुजलंय आणि वाट आणखी अरुंद झालीय. त्यामुळे पुढचे चोवीस तास फक्त पातळ: ताक, पेज, गाळलेलं वरण. त्यानंतरचा दिवस मऊ, घोटलेलं. आणि काही तास उलटूनही साधं पाणी उतरत नसेल, स्वतःची लाळ गिळता येत नसेल, तर उद्याची वाट न बघता त्याच दिवशी हॉस्पिटल.

तिथे काय करतात? बँड सैल करतात. पोटाच्या कातडीखाली, स्नायूच्या आवरणावर, रुपयाहून थोडी मोठी एक डबी शिवलेली असते. तिला पोर्ट म्हणतात. तिच्यातून बारीक नळी बँडच्या आतल्या फुग्यापर्यंत जाते. फुग्यात सलाइन भरलं की बँड आवळतो, काढलं की सैल होतो. जुन्या लहान बँडमध्ये जेमतेम ४ मिली मावतं, पुढच्यांत १०, मोठ्यांत १४. सर्जन एका वेळी अर्धा-एक मिली घालतात. अर्धा मिली म्हणजे दहा थेंब, आणि तेवढ्यात भाकरी जाते की अडकते हे ठरतं. सकाळी बँड जास्त घट्ट वाटतो आणि संध्याकाळी सैल, हेही बऱ्याच जणींना जाणवतं. म्हणून त्याच बाईनं काल रात्री पोहे खाल्ले आणि आज नाश्त्याला नाही म्हटलं, तर ती खोटं बोलत नाहीये.

सुई मात्र साधी चालत नाही. ह्युबर सुई लागते. तिचं टोक असं असतं, की पोर्टच्या रबरी पडद्याचा तुकडा निघत नाही. साध्या जाड सुईनं पडदा गळायला लागतो. गावाकडच्या दवाखान्यात बँडचं नाव निघालं की सगळे एकमेकांकडे बघतात. पण केमोथेरपीच्या पोर्टसाठी हीच सुई वापरतात, त्यामुळे कॅन्सरचे उपचार जिथे होतात तिथे ती सापडते. एवढं एक वाक्य घरातल्या कुणीतरी पाठ करून ठेवावं. बँड कोणत्या बनावटीचा, किती मिलीचा, आत्ता आत किती आहे, हे लिहिलेलं कार्ड पाकिटात असावं. भूल देणाऱ्या डॉक्टरांना तर न चुकता सांगावं, कारण उपास करूनही बँडच्या वर अन्न राहिलेलं असू शकतं.

यावर पुढचा प्रश्न ठरलेला, "एवढा त्रास होतो, तर थोडं आणखी घट्ट करून घे, खाणंच बंद होईल." उलट आहे, हो. घट्ट केलं की घन पदार्थ बंद होतात आणि माणूस बासुंदीवर जगायला लागतो. वजन वाढतं. वजन वाढलं म्हणून आणखी घट्ट, की आणखी पातळ, गोड. बँड फार आवळल्याची खूण ताटात दिसायच्या आधी रात्री दिसते. आडवं झालं की खोकला, उशीवर लाळ, घशाशी आलेलं पाणी. वरचं साठलेलं श्वासात जायला लागतं. तेव्हा सलाइन काढायचं असतं. वजन उतरत असलं तरी.

"मग काढूनच टाक ना. स्लीव्ह करायची होतीस." स्लीव्ह म्हणजे जठरच कापून लहान करायचं ऑपरेशन. ते सुचवणाऱ्यांशी माझं भांडण नाही, कारण जग त्यांच्याच बाजूला गेलंय. दुर्बिणीतून असा बँड पहिल्यांदा १९९३ मध्ये बेल्जियममध्ये बसवला गेला, अमेरिकेत २००१ मध्ये परवानगी मिळाली. २०११ च्या सुमारास तिथल्या वजन घटवण्याच्या ऑपरेशनांपैकी तिसरा हिस्सा बँडचा होता. २०१९ मध्ये शंभरात एकही उरला नव्हता. बँड सरकतात, नळी गळते, क्वचित बँड जठराची भिंत कोरून आत शिरतो. त्याची पहिली खूण कधी कधी एवढीच असते, की वर्षानुवर्षं शांत असलेल्या पोर्टवरची कातडी लाल होते. बऱ्याच जणांचे काढावे लागले.

तरी सांगते, स्लीव्हमध्ये जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग कापून बाहेर काढतात. तो परत येत नाही. बँडमध्ये काहीच कापलेलं नसतं, या एका गोष्टीसाठी मी तो निवडला होता, आणि तेव्हा 'केव्हाही काढता येतो' हे वाक्य मला फार धीर देत असे. आता ते वाक्य मी इतक्या ठामपणे म्हणत नाही. काढता येतो, पण भोवती व्रणाचं जाड आवरण तयार झालेलं असतं, जठर अगदी पूर्वीसारखं राहत नाही आणि भूक मात्र बरीचशी पूर्वीसारखी परत येते. ठेवला तर हे, काढला तर ते. गेल्या वर्षी माझं मत काढण्याकडे होतं. यंदा तितकंसं नाही.

तोवर मला जेवायला बोलवाल तर एवढं करा. वाटीभर पिठलं किंवा माशाचं कालवण, छोटी भाकरी, ताक वेगळं ठेवा, ते मी जेवणानंतर अर्ध्या तासानं घेईन. पोळी वाढू नका, 'एक घास तरी' म्हणू नका. मी मध्येच उठून अंगणात गेले तर मागोमाग पाण्याचा तांब्या घेऊन येऊ नका. आणि बासुंदी केलीच असेल तर माझी वाटी भरू नका. मागितली तरी दोन चमचेच वाढा.