विषाणूला एक, सूजेला दुसरी : अँटीबॉडींची जोडी आणि सीआरपीचा चकवा

पावसाळा लागला की मालवण-देवगडकडून विचारणा येते : न्यूमोनियात फुफ्फुसाची सूज उतरवणारी टोसिलिझुमॅब ही अँटीबॉडी (ठरावीक लक्ष्याला चिकटणारं प्रथिन, इथे औषध म्हणून दिलेलं) तिकडे ब्रिटनमध्ये सरसकट देतात का? देत नाहीत, आणि त्यामागे कारण आहे.

श्वासनलिकेच्या पेशीत विषाणू शिरला की काही तासांतच आयएल-६, आयएल-८ या सूज वाढवणाऱ्या निरोप्या प्रथिनांची जनुकं जोरात काम करू लागतात. टोसिलिझुमॅब आयएल-६ च्या रिसेप्टरवर, म्हणजे त्याचा निरोप घेणाऱ्या प्रथिनावर, बसून त्याचा निरोप पुढे जाऊ देत नाही. विषाणूला मात्र ती हातही लावत नाही. त्यासाठी दुसरी अँटीबॉडी हवी. कोविडच्या रिकव्हरी या ब्रिटनमधल्या मोठ्या औषध-चाचणीत टोसिलिझुमॅबमुळे २८ दिवसांतले मृत्यू ३५ वरून ३१ टक्क्यांवर आले. निवड कडक होती : रक्तातला ऑक्सिजन कमी आणि सीआरपी (सूज दाखवणारं रक्तातलं प्रथिन) लिटरमागे ७५ मिलिग्रॅम किंवा जास्त. विषाणूवरची कासिरिव्हिमॅब-इमडेव्हिमॅब ही अँटीबॉडी-जोडी ज्यांच्या अंगात स्वतःच्या अँटीबॉडी नव्हत्या त्यांनाच उपयोगी पडली, आणि ओमायक्रॉन आल्यावर निकामी झाली.

प्रयोगशाळेत विषाणूवरची एक आणि सूजेवरची एक अशी जोडी तपासताना चार गट लागतात : निष्क्रिय अँटीबॉडी, पहिली एकटी, दुसरी एकटी, दोन्ही. चारही गटांत अँटीबॉडीचं एकूण प्रमाण सारखंच हवं; कमी पडेल तिथे निष्क्रिय अँटीबॉडी भरायची. हे टाळलं तर जोडीच्या गटात दुप्पट प्रथिन जातं आणि फरक कशाचा ते कळत नाही. पेशींतला आरएनए (कोणतं जनुक किती चालू आहे ते त्यावरून कळतं) काढल्यावर नुसतं आयएल-६ चं जनुक मोजू नका. निरोप खरंच थांबला का, ते सॉक्स-३ सारख्या, आयएल-६ चा निरोप पोचल्यावर चालू होणाऱ्या, पुढच्या जनुकावरून कळतं. सोबत विषाणूचा आरएनएही मोजायलाच हवा. सूज उतरली आणि विषाणू वाढला, तर ते यश नव्हे.

रुग्णाजवळ खरा चकवा सीआरपीचा. ते यकृतात आयएल-६ च्या सांगण्यावरून तयार होतं; टोसिलिझुमॅबनंतर ते उतरतंच, नवा जिवाणूसंसर्ग झाला तरी वर येईलच असं नाही. उलट रक्तातलं आयएल-६ वाढतं, कारण रिसेप्टर अडल्याने त्याचा निचरा होत नाही. म्हणून श्वासाचा वेग, बेडका आणि कल्चर (नमुन्यातले जंतू वाढवून बघण्याची तपासणी) यांवर लक्ष ठेवायचं.

कोकणात आणखी एक गोष्ट आधी बघायला हवी. लावणीच्या चिखलात राबलेल्या माणसाला ताप येऊन धाप लागली, तर आधी लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीने दूषित पाण्या-चिखलातून होणारा जिवाणूसंसर्ग) तपासा. जुना क्षयही बघा, कारण सूज दाबताना तो उफाळू शकतो. आणि औषध ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात किंवा गोव्यात बांबोळीच्या रुग्णालयात न्यायचं असेल तर २ ते ८ अंशांत, बर्फाला थेट न टेकवता. गोठलेली कुपी वापरायची नाही.