टेलर स्क्वेअरचा चढ

सिडनीत मी होम केअरचं काम करते. म्हाताऱ्या माणसांच्या घरी जायचं, आंघोळीला मदत करायची, गोळ्या द्यायच्या, जेवण गरम करायचं आणि निघताना फोनवरच्या फॉर्ममध्ये चार ओळी लिहायच्या. ३ मार्च २०१८ च्या शनिवारी मात्र शिफ्टपुढे लिहिलं होतं, 'क्लायंटला मार्डी ग्रा परेडला नेणे'. समलिंगी लोकांची ही परेड दरवर्षी निघते आणि त्या दिवशी गाडी घेऊन शहरात जायचं नसतं, एवढीच माझी माहिती.

बाईंचं नाव सांगणार नाही, कामाचा नियम आहे. वय चौऱ्याहत्तर, खुब्याचं ऑपरेशन झालेलं, घरात वॉकर, बाहेर व्हीलचेअर. उभा जन्म छापखान्यात गेलेला आणि जीभ अजून तिखट. परेडचं ते चाळिसावं वर्ष होतं. १९७८ च्या पहिल्या मोर्चात जे होते त्यांना इथे 'सेव्हंटीएटर्स' म्हणतात. त्यांना पुढच्या बाजूला मानाची जागा असते आणि ज्यांना चालवत नाही त्यांच्यासाठी बस असते. ऑफिसने केअर प्लॅनमध्ये बस लिहिली होती. बाईंनी कागद वाचला आणि मला परत दिला.

"बसमधून हात हलवायला मी काय राणी आहे? तेव्हा रस्त्यावरून गेले होते, आताही रस्त्यावरूनच जाणार."

"आणि खुर्ची कोण ढकलणार?"

"तू. त्याचेच पैसे मिळतात ना तुला?"

लघवीची गोळी त्या दिवशी कधी द्यायची ते नर्सला विचारून घेतलं, टोपी आणि पाणी घेतलं, आणि दुपारीच हाइड पार्कला पोहोचलो. परेड संध्याकाळची, पण गट लवकर जमतात. तिथे ही सगळी मंडळी. काठ्या, कानातली यंत्रं, चकचकीत जॅकेटं. वाटलं होतं, गळ्यात पडून रडतील. पडलेही काही जण, पण पाच मिनिटांत भांडण सुरू. १९७८ च्या मोर्चात लान्स गाउलंड जो ट्रक चालवत होता तो पोलिसांनी हाइड पार्कजवळ ताब्यात घेतला तेव्हा कोण कुठे उभं होतं, यावर चौघांची चार मतं. एक आजोबा म्हणाले, मी ट्रकच्या शेजारी होतो. बाई म्हणाल्या, "त्या रात्री जेवढे लोक ट्रकच्या शेजारी होते म्हणतात, तेवढे मोर्च्यातसुद्धा नव्हते."

मी मध्येमध्ये विचारत गेले आणि तुकड्यातुकड्यांतून कळत गेलं. २४ जून १९७८, म्हणजे इकडे ऐन हिवाळा. न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल बारमध्ये समलिंगी लोकांनी १९६९ साली पोलिसांच्या धाडीविरुद्ध जो उठाव केला, त्याच्या आठवणीसाठी सकाळी मोर्चा झाला होता आणि रात्री ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या टेलर स्क्वेअरवरून नाचतगात खाली हाइड पार्ककडे जायचं ठरलं होतं. परवानगी होती. बारमध्ये बसलेल्यांना 'बाहेर या, रस्त्यावर या' अशा हाका मारत मोर्चा निघाला. पार्कपाशी पोलिसांनी ट्रक आणि त्यावरचा लाउडस्पीकर काढून घेतला. पांगण्याऐवजी लोक विल्यम स्ट्रीटने किंग्स क्रॉसकडे वळले. तिथे डार्लिंगहर्स्ट रोडवर पोलिसांनी वाट अडवली. त्रेपन्न जणांना अटक झाली, काहींना कोठडीत बेदम मारलं. बाहेर थांबलेल्यांनी रातोरात जामिनाचे पैसे गोळा केले. बाईही त्या पैसे मागत फिरणाऱ्यांत होत्या. त्या स्वतः एका गल्लीत शिरल्यामुळे सुटल्या आणि त्यांची मैत्रीण सापडली.

पुढचं ऐकून मात्र मी चरकले. अटक झालेल्यांची नावं वर्तमानपत्रात छापून आली, पत्ते आणि हुद्दे यांच्यासकट. बहुतेकांवरचे खटले पुढे टिकलेच नाहीत, पण तोवर घरच्यांना, मालकांना, शेजाऱ्यांना सगळं कळलं होतं. मैत्रीण शाळेत शिकवायची. ती नोकरी गेली. पुरुषांमधले संबंध तर या राज्यात १९८४ पर्यंत गुन्हाच होते. राज्याच्या संसदेने या लोकांची माफी मागितली ती २०१६ च्या फेब्रुवारीत, म्हणजे जवळजवळ अडतीस वर्षांनी. ज्यांच्या नोकऱ्या गेल्या त्यांतले किती जण ती ऐकायला उरले असतील?

ती मैत्रीणही त्या दिवशी आली होती. किडकिडीत, पांढरे केस, पायात स्पोर्ट्स शूज. दोघी भेटल्या, हसल्या, एकाच बाटलीतलं पाणी प्यायल्या. मग समोरून गणवेशातल्या पोलिसांचा गट गेला. १९९८ पासून पोलीसही या परेडमध्ये चालतात. मैत्रीण पुढे झाली आणि एका तरुण पोलीस मुलीशी तिने हात मिळवला. त्या मुलीने बाईंपुढेही हात केला. बाईंनी दोन्ही हात मांडीवरच्या पिशवीत घातले.

"ती तेव्हा जन्मलीसुद्धा नव्हती," मैत्रीण म्हणाली.

"गणवेश जन्मला होता."

बोलणं तिथेच थांबलं. मला विचाराल तर मी बाईंच्या बाजूची. मार जिने खाल्ला तिने क्षमा करावी, हा तिचा हक्क. पण शेजारच्याने लगेच तिच्या मागोमाग जावं असं कुठे आहे?

एवढ्यात घरून फोन आला. कुकरच्या शिट्ट्या किती करायच्या, हा प्रश्न. मी मराठीत ओरडून सांगत होते, तर मागच्या दक्षिण आशियाई गटातला एक मुलगा थबकला. जरीचा कुर्ता, डोळ्यांत काजळ. पुण्याचा निघाला. दोन मिनिटं बोललो. मी बाईंचा फोटो काढायला फोन वर केला तर झटकन बाजूला सरकला. "ताई, मी येत नाहीये ना त्यात? आईबाबांना माहीत नाही." भारतात तेव्हा समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं ३७७ कलम होतंच, ते रद्द करणारा सुप्रीम कोर्टाचा निकाल यायला अजून सहा महिने होते. इथे मात्र तीनच महिन्यांपूर्वी समलिंगी लग्नाचा कायदा झाला होता. टपालाने घेतलेल्या मतांत ६१.६ टक्के लोकांनी होकार दिला होता. मी फोटो त्याला दाखवला. त्यात त्याचा कोपरसुद्धा नव्हता. तरी त्याने तो झूम करून पाहिला.

मग निघालो. १९७८ साली हे लोक ऑक्सफर्ड स्ट्रीट उतरून आले होते. आताची परेड उलटी, खालून वर जाते. टीव्हीवर तो रस्ता सपाट दिसतो. खुर्ची ढकलणाऱ्याला विचारा! दोन्ही बाजूंना कठड्यांमागे माणसांच्या भिंती, कानठळ्या बसवणारा आवाज, आणि ही म्हातारी मंडळी आली की तो आणखी वाढायचा. बाई कोणाकडे बघून हसत नव्हत्या. बोटाने दाखवत सुटल्या होत्या. इथे तो बार होता. इथून लोक बाहेर आले. इथे एकाने त्याचा कोट मला दिला, तो नंतर एड्सने गेला.

निम्म्या चढावर माझे हात भरून आले. मैत्रीण न बोलता आली आणि तिने एक हँडल धरलं. दोघींनी मिळून टेलर स्क्वेअरपर्यंत ढकललं. बाईंनी मागे वळून पाहिलं नाही, पण म्हणाल्या, "डावीकडे ओढतेयस. तू कायमच डावीकडे ओढतेस."

"तू ब्रेक लावून बसली आहेस."

खरंच, एका चाकाचा ब्रेक अर्धा लागला होता. कोणी लावला ते त्या दोघींत शेवटपर्यंत ठरलं नाही. फ्लिंडर्स स्ट्रीटच्या उतारावर पोलिसांचा विषय पुन्हा निघाला, मग परेडला पैसे देणाऱ्या बँकांचा, मग १९७८ च्या कोर्टाच्या तारखेला कोण कोण आलं नव्हतं त्याचा. मूर पार्कला पोहोचलो तरी संपलं नव्हतं. टॅक्सीसाठी थांबलो असताना पुढचा भाग गुरुवारी बाईंच्या घरी करायचं ठरलं.

"गुरुवारची शिफ्ट तूच घे," बाई मला म्हणाल्या. "मला साक्षीदार हवा. आणि हिच्यासाठी दूध आणून ठेव, ही चहात फार दूध घालते."