पत्र्याचं काम, डब्ल्यूसी पॉलिसी आणि माझे 74 हजार

भोसरीत माझं छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, पण धंदा मुख्य शेडचा, म्हणजे कंपन्यांचे जुने सिमेंटचे पत्रे काढून कलर कोटेड टाकायचे, गळती बंद करायची वगैरे. एप्रिल-मे आमचा सीझन, पाऊस यायच्या आत सगळ्यांनाच शेड पाहिजे असते. आणि कुठल्याही गेटवर पहिला प्रश्न ठरलेला, डब्ल्यूसी पॉलिसी आहे का? डब्ल्यूसी म्हणजे वर्कमेन्स कॉम्पेन्सेशन, कामावर माणसाला अपघात झाला तर मालकाने द्यायची भरपाई भरून देणारा विमा. मला तो नुसता गेटपासचा कागद वाटायचा. तेव्हा लागू असलेल्या 1923 च्या कामगार भरपाई कायद्यात कलम 12 होतं, ठेकेदाराचा माणूस पडला तर भरपाई मूळ कंपनीकडूनही मागता येते आणि कंपनी मग ती ठेकेदाराकडून वसूल करते, म्हणून ते एवढे मागे लागतात हे मला फार उशिरा कळलं.

तर मी एजंटला म्हणलं, हप्ता कमीत कमी बसव. माझी माणसं 9, त्याने दाखवली 6, पगार दाखवला 9 हजार आणि कामाच्या रकान्यात नुसतं फॅब्रिकेशन, उंचीवरच्या कामाचा उल्लेखच नाही. हप्ता साडेअकरा हजार आला, मी खुश, सही ठोकली.

मे 2022, चाकणची साईट. जुन्या छतावर उजेडासाठी मधेमधे फायबरचे पत्रे असतात, त्यावर वर्षानुवर्षं धूळ बसली की ते बाजूच्या सिमेंटच्या पत्र्यासारखेच दिसतात, वरून चालणाऱ्याला फरक कळतच नाही. माझा फिटर, वय 30, त्यावर पाय दिला आणि सरळ खाली. खाली रिकाम्या गोण्यांची थप्पी होती म्हणून वाचला. मनगट आणि कोपर फ्रॅक्चर, प्लेट टाकावी लागली. बेल्ट अंगावर होता हो, पण हुक अडकवायला लाईफलाईनच, म्हणजे छतावर ताणायची दोरी, बांधली नव्हती, आणि ती चूक माझीच.

हॉस्पिटलचं बिल 74 हजार. एजंट म्हणतो दादा आपण मेडिकल एक्स्टेन्शन घेतलं नव्हतं. म्हणजे बघा, त्याच कायद्याच्या 2009 च्या दुरुस्तीनंतर उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकानेच द्यायचा आहे, पण साध्या पॉलिसीत तो धरलेला नसतो, त्यासाठी वेगळे पैसे भरून लिमिट घ्यावं लागतं, आणि हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी विचारलंही नव्हतं. सगळे पैसे खिशातून गेले.

त्या रात्री झोप नाही. मोबाईलवर हिशोब करत बसलो, हा गेला असता तर काय झालं असतं? मृत्यूला पगाराच्या 50 टक्के गुणिले वयाचा फॅक्टर, तिशीला तो 207.98, आणि पगार जानेवारी 2020 पासून जास्तीत जास्त 15 हजार धरतात. माझा फिटर 18 हजार घ्यायचा, म्हणजे 7,500 गुणिले 207.98, झाले 15,59,850. आणि मी कागदावर दाखवलेल्या 9 हजारांवर? 9,35,910. वरच्या सव्वासहा लाखांना इन्शुरन्सवाल्यांनी हात वर केले असते तर मी काय बोलणार होतो, फॉर्मवर सही माझीच. उंचीचं काम लपवलं म्हणून अख्खा क्लेमच अडकवला असता तर वर्कशॉप विकायची वेळ. शिवाय महिन्याभरात पैसे भरले नाहीत तर 12 टक्के व्याज, वर दंड वेगळा.

रिन्युअलला एजंट बदलला, मस्टर आणि पगाराचं रजिस्टर घेऊन त्याच्यासमोर बसलो. खरं सगळं सांगितल्यावर पहिला आकडा आला 38 हजार. पोटात गोळाच आला. पण त्याने रजिस्टर बघून विचारलं, वर किती जण चढतात? मोजले तर पाचच! बाकी वेल्डर, पेंटर, ड्रायव्हर वर्कशॉपमध्येच, आणि आपण सगळ्यांना छतावरचा रेट लावून बसलो होतो. कामानुसार माणसं वेगळी लिहिली, मेडिकल एक्स्टेन्शन घातलं, तरी साडेसव्वीस हजारात बसलं. आता हजेरीतच कोण वर होता ते लिहितो, कारण वर्ष संपल्यावर प्रत्यक्ष पगारावर हिशोब होतो तेव्हा तेच दाखवावं लागतं.

पुढच्या वर्षी माणसं 12 झाली आणि ईएसआयसी, म्हणजे सरकारी कामगार विमा, लागू झालं, आमचे 3.25 टक्के आणि कामगाराचे 0.75. मी दोन महिने दोन्हीकडे भरत राहिलो, वेडेपणा नुसता, 21 हजारांपर्यंत पगारवाला ईएसआयसीत गेला की त्याची भरपाई तिकडूनच मिळते, डब्ल्यूसीत फक्त 21 हजारांपेक्षा जास्त पगाराचे चौघे ठेवले.

राहता राहिली बाहेरची गँग. काम जास्त असलं की ठोक रेटने बोलावतो, त्यांना आता स्वतःची पॉलिसी असल्याशिवाय शिडीला हात लावू देत नाही. परवा मुकादम कॉपी घेऊन आला, 8 माणसांची गँग आणि पॉलिसीत 4. विचारलं तर म्हणतो, शेठ, गेटपासपुरती काढलीय, हप्ता कमी बसतो ना.